एरेबसचा डोंगर आणि दोन अहवाल: एकाच अपघाताची एकाच देशाने दिलेली दोन कारणं

२८ नोव्हेंबर १९७९. एअर न्यूझीलंडचं डीसी-१० विमान सकाळी आठच्या सुमारास ऑकलंडहून निघालं. त्याला दुसरीकडे कुठे पोहोचायचं नव्हतं. प्रवाशांना खिडकीतून अंटार्क्टिकाचा बर्फ दाखवायचा आणि संध्याकाळी ख्राइस्टचर्चमार्गे परत आणायचं, अशी ती दिवसभराची हवाई सहल होती. १९७७ पासून कंपनी अशा सहली काढत होती. त्या दिवशी विमानात २३७ प्रवासी आणि २० कर्मचारी होते. दुपारी १२ वाजून ४९ मिनिटांनी रॉस बेटावरच्या माउंट एरेबस या ज्वालामुखीच्या उतारावर ते आदळलं. कुणीही वाचलं नाही.

विमानात काहीही बिघाड नव्हता. तिन्ही इंजिनं व्यवस्थित चालू होती. दिशादर्शक यंत्रणा तर इतकी अचूक होती की तिला सांगितलेल्या रेषेवरूनच विमान गेलं. ब्लॅक बॉक्स सापडले, वाचता आले. प्रवाशांच्या कॅमेऱ्यांतली फिल्मसुद्धा धुऊन मिळाली. म्हणजे पुरावा भरपूर होता. तरीही दोन वर्षांच्या आत न्यूझीलंडमध्ये दोन सरकारी अहवाल आले. पहिल्याने कॅप्टनच्या निर्णयाला कारण ठरवलं, दुसऱ्याने कंपनीच्या कार्यालयाला. दोघांनीही तेच पुरावे, तेच ध्वनिमुद्रण, तोच बर्फ पाहिला होता.

विमान अपघाताचा अहवाल हा प्रकार नीट समजून घ्यायचा तर या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण नाही, असं माझं मत आहे. इथे ‘काय घडलं’ यावर फारसा वादच नव्हता. भांडण झालं ते ‘कशामुळे’ या शब्दावर.

सहाच्या जागी चार

त्या काळी विमानात जीपीएस नव्हतं. डीसी-१० मध्ये जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा होती. निघताना विमान उभं असलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश तिला द्यायचे. मग विमान कुठल्या दिशेला किती वेगाने सरकतंय हे ती आतल्या आत मोजत राहते आणि ‘आपण आता इथे आहोत’ असं सांगते. वाटेतले टप्पे कंपनीचा संगणक अक्षांश-रेखांशांत छापून देतो. वैमानिक निघण्यापूर्वी ते आकडे बटणं दाबून भरतात आणि त्यानंतर ऑटोपायलट टप्प्याटप्प्याने विमान नेतो.

या सहलीचा दक्षिणेकडचा शेवटचा टप्पा होता मॅकमर्डो, म्हणजे रॉस बेटावरचा अमेरिकेचा संशोधन तळ. कंपनीच्या मूळ आखणीप्रमाणे तिथे जाणारी रेषा एरेबसच्या वरून, पुरेशा उंचीवरून जायची. १९७८ मध्ये हे मार्ग नव्या संगणकावर चढवले गेले तेव्हा मॅकमर्डोचा रेखांश १६६ अंश ४८ मिनिटं असा टाइप व्हायला हवा होता. झाला १६४ अंश ४८ मिनिटं. सहाच्या जागी चार.

विषुववृत्तावर दोन अंशांची चूक म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. ध्रुवाकडे जाताना रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येत जातात. मॅकमर्डोजवळ एक अंश जेमतेम २३ किलोमीटर भरतो. त्यामुळे रेषा सरकली ती पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला. आणि गंमत अशी की ती सरकून जास्त सुरक्षित झाली. आता ती डोंगरावरून न जाता मॅकमर्डो साउंड या गोठलेल्या, सपाट खाडीच्या मधून जात होती. लष्करी विमानंही साधारण त्याच बाजूने येत. चौदा महिने एअर न्यूझीलंडची विमानं या चुकीच्या आकड्याने गेली आणि सुखरूप परत आली. वैमानिकांना तोच ठरलेला मार्ग वाटायचा.

९ नोव्हेंबर १९७९ ला कॅप्टन जिम कॉलिन्स आणि सहवैमानिक ग्रेग कॅसिन यांना या सहलीची माहिती देण्यासाठी बसवलं गेलं. त्यांना दाखवलेल्या छापील आराखड्यात जुनेच आकडे होते, खाडीतून जाणारे. दोघांपैकी कुणीही यापूर्वी अंटार्क्टिकाला गेलेलं नव्हतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री कॉलिन्स घरी टेबलावर अ‍ॅटलास आणि नकाशे पसरून मार्ग आखत बसले होते, असं त्यांच्या घरच्यांनी पुढे साक्षीत सांगितलं.

दरम्यान १४ नोव्हेंबरच्या सहलीवर गेलेल्या दुसऱ्या एका कॅप्टनच्या लक्षात आलं की संगणकातला मॅकमर्डो आणि तिथला प्रत्यक्ष दिशादर्शक रेडिओ-मनोरा यांत बरंच अंतर आहे. त्याने ते कळवलं. कंपनीच्या दिशादर्शन विभागाने दुरुस्ती करायची ठरवली. विभागाची समजूत अशी की संगणकात १६६ अंश ४८ मिनिटंच आहेत आणि आपण ते १६६ अंश ५८ मिनिटं करतोय. म्हणजे जेमतेम चार किलोमीटरचा फरक. एवढ्यासाठी वैमानिकांना काय सांगायचं? प्रत्यक्षात संगणकात १६४ होतं. रेषा चार किलोमीटर नाही, पन्नास किलोमीटर सरकली आणि थेट एरेबसवर जाऊन बसली.

हा बदल झाला उड्डाणाच्या दिवशी पहाटे, रात्री दीड-पावणेदोनच्या सुमारास. सकाळी कॉकपिटमध्ये नवे आकडे भरले गेले. एकाने भरायचे, दुसऱ्याने कागदाशी ताडून पाहायचे. कागद आणि यंत्र जुळलं. कागद आणि कॅप्टनने रात्री आखलेला नकाशा जुळतो का, हे मात्र कुणी पाहिलं नाही, कारण तसं पाहायची पद्धतच नव्हती. अंकांच्या त्या रांगेत १६४ चं १६६ झालेलं डोळ्यांना खटकलं नाही.

समोर डोंगर होता, तो दिसला कसा नाही?

एरेबस ३,७९४ मीटर उंच आहे. ढगात शिरले असतील, दुसरं काय, असं कुणालाही वाटेल. पण प्रवाशांच्या फोटोंनी ती शक्यता मोडीत काढली. अखेरच्या मिनिटांतले फोटो स्वच्छ आहेत. बाजूचे काळे कडे, खालचं पाणी आणि बर्फ, सगळं दिसतंय. विमान ढगाच्या खाली, मोकळ्या हवेत होतं.

ध्रुवीय प्रदेशात वैमानिकांना छळणारा एक प्रकार आहे. वर एकसारखा ढग, खाली पांढराशुभ्र बर्फ. ढगातून झिरपलेला उजेड बर्फावर पडतो, उलटून ढगावर जातो, पुन्हा खाली येतो. सगळीकडून सारखाच उजेड आल्यामुळे सावली पडत नाही. सावली नाही म्हणजे चढ-उतार नाही. अशा उजेडात समोरचा चढ सपाट मैदानासारखा, दूर क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. आपल्याकडे आंबोली किंवा माळशेज घाटात पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हा ड्रायव्हरला दिसत नाही हे कळतं, म्हणून तो गाडी हळू करतो. इथे नेमकं उलट होतं. वैमानिकाला सगळं दिसतंय असंच वाटत राहतं. बाजूचे कडे ठळक दिसतात, खालचं पाणी दिसतं, मग समोरच्या पांढऱ्यावर संशय का घ्यावा?

त्यात भूगोलाने घात केला. मॅकमर्डो साउंडमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना दूरवर काळे कडे दिसतात. एरेबसच्या उत्तरेला असलेल्या ल्युइस उपसागरात शिरतानाही दोन्ही बाजूंना काळे कडे दिसतात. डोक्यात खाडीचा नकाशा असेल तर उपसागरही खाडीसारखाच दिसतो. एअर न्यूझीलंडचेच कॅप्टन गॉर्डन व्हेट यांनी पुढे या दृष्टिभ्रमाचा पाठपुरावा केला. डोळ्यांनी पाहणं आणि मेंदूने ओळखणं यांत किती फरक असतो, यावर त्यांनी चौकशीत बाजू मांडली. हे तेच व्हेट, ज्यांनी वर्षभरापूर्वी, डिसेंबर १९७८ मध्ये, प्रशांत महासागरावर वाट चुकलेल्या एका छोट्या विमानाच्या वैमानिकाला प्रवासी विमानातून शोधून काढून वाट दाखवली होती.

कॉलिन्सनी ढगातली मोकळी जागा पाहून दोन घिरट्या घालत विमान खाली आणलं, आधी २,००० आणि मग १,५०० फुटांवर. प्रवाशांना दिसायला हवं ना. मग त्यांनी विमान पुन्हा संगणकाच्या मार्गावर सोपवलं. माझ्या मते या सबंध प्रकरणातली कळीची कृती ही. खाडीच्या मधोमध नेणाऱ्या रेषेवर आपण आहोत अशी पक्की खात्री असलेला माणूसच असं करेल.

शेवटच्या मिनिटात कॉकपिटमधलं बोलणं बदलतं. समोरचं काही बरं दिसत नाही, वर चढायला हवं, असं ठरतं. डावीकडे वळायचं की उजवीकडे, यावर दोन शब्द होतात. तेवढ्यात जमीन जवळ आल्याचा भोंगा वाजला. आदळण्याआधी फक्त सहा सेकंद. त्या काळचं ते यंत्र रेडिओलहरींनी सरळ खालची उंची मोजायचं, पुढचं पाहायचं नाही. समोर चढत जाणारा डोंगर असला की ते शेवटच्या क्षणीच ओरडणार. १९९० च्या दशकात आलेल्या नव्या यंत्रांत सगळ्या जगाच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा असतो आणि ती पुढे पाहून कितीतरी आधी सावध करतात. पण कॉलिन्सना मिळाले सहा सेकंद. ते शांत आवाजात इंजिनांची शक्ती वाढवायला सांगतात आणि ध्वनिमुद्रण संपतं.

पहिला अहवाल

अपघातांचे मुख्य तपासनीस रॉन चिपेंडेल यांचा अहवाल जून १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दिलेलं संभाव्य कारण थोडक्यात असं: आपण नेमके कुठे आहोत याची खात्री नसताना, जमीन आणि क्षितिज धड ओळखू येत नव्हतं अशा भागाकडे कमी उंचीवरून जात राहण्याचा कॅप्टनचा निर्णय, आणि त्यामुळे चढत जाणारा डोंगर लक्षात न येणं.

हा अहवाल म्हणजे मेलेल्यांच्या माथी खापर फोडणं, अशी त्याची नंतर बदनामी झाली. पण तो अगदीच पोकळ नव्हता. नियम असा होता की एरेबसच्या अलीकडे १६,००० फुटांच्या खाली यायचं नाही. तळाच्या आसपास ठरावीक पट्ट्यात, हवा स्वच्छ असेल आणि मॅकमर्डोचं रडार लक्ष ठेवत असेल तरच ६,००० फुटांपर्यंत यायची मुभा. कॉलिन्स १,५०० वर होते आणि रडारने त्यांना पकडलेलं नव्हतं. जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर मॅकमर्डोशी बोलणं होत नव्हतं, तिथल्या मनोऱ्याचा संकेतही मिळत नव्हता. या लहरी सरळ रेषेत जातात. खाडीत असते तर संपर्क व्हायला हवा होता. तो होत नव्हता, कारण मध्ये डोंगर होता. त्या मौनाचा अर्थ कॉकपिटमधल्या कुणाला तरी लागायला हवा होता, हा चिपेंडेल यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो मला आजही सहज बाजूला सारता येत नाही.

अहवालात आकडा बदलल्याचा उल्लेख होता. लपवलेलं काही नव्हतं. पण त्याला कारणाच्या ओळीत जागा मिळाली नाही.

ध्वनिमुद्रणाच्या उताऱ्याचं मात्र विचित्र झालं. कॉकपिटमधल्या मायक्रोफोनवर पाच जणांचे आवाज, इंजिनांची घरघर आणि दरवाजाशी चाललेलं बोलणं, सगळं एकत्र येतं. अमेरिकेत वॉशिंग्टनला काही जणांनी एकत्र बसून एक उतारा तयार केला होता. त्यानंतर चिपेंडेल इंग्लंडमध्ये फार्नबरोला जाऊन पुन्हा ऐकून आले आणि उताऱ्यात भर पडली. त्यात एक वाक्य होतं, ‘बिट थिक हिअर, ए बर्ट?’ म्हणजे ‘इथे जरा दाटच आहे ना, बर्ट?’ हे वाचल्यावर वाटतं, कॉकपिटला धुकं जाणवत होतं आणि तरी ते पुढे गेले. पण कॉकपिटमध्ये बर्ट नावाचं कुणी नव्हतंच. कॉलिन्स, कॅसिन, दोन फ्लाइट इंजिनियर आणि प्रवाशांना माहिती सांगायला आलेले गिर्यारोहक पीटर मलग्रू, एवढेच तिथे होते. हे वाक्य ‘धिस इज केप बर्ड’ असं असावं, अशी दुसरी शक्यता पुढे मांडली गेली. केप बर्ड हे तिथलं एक टोक आहे. म्हणजे एकाने ऐकली काळजी आणि दुसऱ्याने ऐकलं ठिकाणाचं नाव. ब्लॅक बॉक्समध्ये सगळं ‘स्पष्ट’ असतं असं मानणाऱ्यांनी ही चार शब्दांची हकिकत लक्षात ठेवावी.

दुसरा अहवाल

एअर न्यूझीलंड तेव्हा सरकारी मालकीची होती. विमान वाहतुकीचे नियम करणारा विभाग सरकारी, चौकशी करणारेही सरकारी. लोकांना हे पटलं नाही. सरकारने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पीटर महॉन यांचा एकसदस्य आयोग नेमला.

महॉन विमानातले तज्ज्ञ नव्हते, पण उलटतपासणीत मुरलेले वकील होते. ते स्वतः अंटार्क्टिकाला जाऊन तो पांढरा उजेड पाहून आले. त्यांचा अहवाल एप्रिल १९८१ मध्ये आला. त्यांच्या मते अपघाताचं एकमेव प्रभावी कारण होतं ते विमान थेट एरेबसवर जाईल असे आकडे संगणकात भरून वैमानिकांना न सांगणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांची चूक. वैमानिकांची काहीही चूक नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

मग १६,००० फुटांचं काय? नियम कागदावर होता, हे त्यांनी नाकारलं नाही. पण आधीच्या सहलींतही विमानं सर्रास कमी उंचीवर जात होती. जायलाच हवं, पाच किलोमीटरवरून पेंग्विनच्या देशात काय दिसणार? कंपनीनेच छापून वाटलेल्या प्रसिद्धीच्या मजकुरात कमी उंचीवरच्या उड्डाणाचं रसभरीत वर्णन होतं. त्या दिवशी मॅकमर्डोच्या नियंत्रकानेही रडारच्या मदतीने १,५०० फुटांपर्यंत उतरवण्याची तयारी दाखवली होती. व्यवस्थापनाने साक्षीत सांगितलं की आम्हाला हे ठाऊक नव्हतं. महॉन यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

महॉन यांचा पारा चढला तो याच ठिकाणी. अपघातानंतर कंपनीचे मुख्याधिकारी मॉरी डेव्हिस यांनी सगळी कागदपत्रं एकाच फायलीत ठेवून जादा प्रती नष्ट करण्याचे आदेश दिले होते. कागद बाहेर फुटू नयेत म्हणून, हे त्यांचं स्पष्टीकरण. कॉलिन्स यांची सुट्या पानांची वही बर्फातून मिळाली होती. घरच्यांच्या हाती आली तेव्हा आत पानं नव्हती. उड्डाणाच्या दिवशी मॅकमर्डोला पाठवलेल्या आराखड्यात शेवटच्या टप्प्याचे आकडे न देता नुसतं ‘मॅकमर्डो’ लिहिलेलं होतं. महॉन यांनी हे सगळं एकत्र जोडलं आणि लिहिलं की आपल्याला ठरवून, सुरात सूर मिसळून सांगितलेलं खोटं ऐकावं लागलं. न्यूझीलंडमध्ये ते इंग्रजी वाक्य म्हणीसारखं झालं. शिवाय त्यांनी कंपनीला चौकशीच्या खर्चापोटी दीड लाख डॉलर भरायला सांगितलं.

न्यायालयाने काय ठरवलं, आणि काय ठरवलंच नाही

या टप्प्यावर बहुतेकांचा गोंधळ होतो. कंपनी न्यायालयात गेली. डिसेंबर १९८१ मध्ये अपील न्यायालयाने खर्चाचा आदेश रद्द केला. महॉन यांनी न्यायमूर्तिपदाचा राजीनामा दिला आणि ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. न्यूझीलंडसाठी तेव्हा तेच शेवटचं न्यायपीठ होतं. ऑक्टोबर १९८३ मध्ये तिथेही ते हरले.

म्हणजे महॉन यांचा अहवाल खोटा ठरला? नाही. न्यायालयांपुढे प्रश्न अपघाताच्या कारणाचा नव्हताच. प्रश्न एवढाच होता की कटाचा आरोप करण्यापूर्वी त्या अधिकाऱ्यांना, ‘तुमच्यावर असा ठपका येणार आहे, तुमचं म्हणणं काय?’ असं विचारलं गेलं का. ते विचारलं नव्हतं. म्हणून नैसर्गिक न्यायाचं तत्त्व मोडलं. शिवाय संगनमत सिद्ध करणारा ठोस पुरावा नाही, असंही प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं. त्याच निकालात त्यांनी कारण शोधण्यातल्या महॉन यांच्या चिकाटीचं आणि बुद्धीचं कौतुक केलं. वैमानिकांना दोषमुक्त करणाऱ्या निष्कर्षाला हात लावला नाही.

मला स्वतःला महॉन कारणाबद्दल बरोबर आणि कटाबद्दल चुकीचे वाटतात. गलथान कार्यालय पकडलं गेलं की सारवासारव करतं, कागद फाडतं, एकमेकांची उत्तरं उचलतं. त्यासाठी बैठक घेऊन कट शिजवावा लागत नाही. पण एकदा ‘खोटं’ हा शब्द अहवालात आला आणि देशभर तोच गाजला. आकडा, उजेड आणि कार्यपद्धती यांच्यावरचे महॉन यांचे मोलाचे परिच्छेद वर्तमानपत्रांत मागे पडले.

मग ‘कारण’ म्हणजे नेमकं काय?

विमान अपघाताच्या चौकशीचे नियम १९४४ च्या शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ मध्ये आहेत. जवळपास सगळे देश ते मानतात, भारतही. त्यात स्पष्ट म्हटलंय की चौकशीचा हेतू पुन्हा अपघात होऊ नये हा आहे, दोष ठरवणं हा नाही. प्रत्यक्षात मात्र अहवालातलं एक वाक्य उचलून वकील नुकसानभरपाई मागतात, विमा कंपन्या हिशेब करतात आणि शेजारीपाजारी निवाडा करतात.

कुठल्याही मोठ्या अपघातामागे घटनांची साखळी असते. एरेबसमध्ये ती टाइप करताना झालेल्या चुकीपासून सुरू होते. मग ती चूक न पकडणारी तपासणी, अर्धवट समजुतीने केलेली दुरुस्ती, वैमानिकांना न कळवणं, कधीही तिथे न गेलेल्या कॅप्टनला पाठवण्याची मुभा, कागदावर एक आणि हवेत दुसरा असा उंचीचा नियम, खाली उतरणं, रेडिओचं मौन, पांढरा उजेड. यातली कुठलीही एक कडी निघाली असती तर २५७ माणसं रात्री घरी जेवायला आली असती. चिपेंडेल यांनी शेवटच्या कड्या उचलल्या, कारण आदळणं टाळण्याची अखेरची संधी तिथे होती. महॉन यांनी आधीच्या उचलल्या, कारण पुढचं सगळं तिथून अटळ होत गेलं. दोघांच्या कड्या त्याच होत्या. फक्त कारण शोधताना किती मागे जायचं, हे दोघांनी वेगवेगळं ठरवलं.

एकच एक ‘संभाव्य कारण’ लिहिण्याच्या पद्धतीवरचा राग पुढे बऱ्याच तपासनीसांनी व्यक्त केला तो यामुळेच. काही देशांचे अहवाल आता निष्कर्षांची आणि सहायक घटकांची यादी देतात, एका वाक्यात निकाल देत नाहीत. कंपनीचं कार्यालय, प्रशिक्षण, नियम आणि पैशाचा दबाव हे सगळं अपघाताच्या चौकशीत पाहायचं असतं, ही आज सरळ वाटणारी गोष्ट १९८१ मध्ये सरळ नव्हती.

आपल्याला हे नव्याने आठवायचं कारण घडलं ते अहमदाबादला. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं ७८७ विमान उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळलं. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले, एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘का बंद केलंस’ असं विचारलं आणि दुसऱ्याने ‘मी नाही केलं’ असं उत्तर दिलं, एवढं त्यात होतं. कोण काय बोललं ते नव्हतं. त्याच अहवालात या प्रकारच्या स्विचच्या लॉकबद्दल अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये दिलेल्या, सक्तीच्या नसलेल्या सूचनेचाही उल्लेख होता. ज्याला वैमानिक दोषी हवा होता त्याने पहिला भाग उचलला, ज्याला बोइंग हवी होती त्याने दुसरा. दोन्ही वैमानिकांची घरं मुंबईत. संध्याकाळच्या आत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर निकाल लागलेले होते.

प्राथमिक अहवाल म्हणजे साखळीतल्या सापडलेल्या कड्यांची नोंद असते. त्या कशा जोडायच्या हे त्यात नसतं, आणि नसायलाच हवं. पण दोन वाक्यं मिळाली की मधली जागा आपण स्वतःच भरतो. फार्नबरोच्या त्या खोलीत ऐकू आलेला ‘बर्ट’ असाच आला असावा, असं मला वाटतं.

न्यूझीलंडमध्ये पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांच्या सरकारने महॉन यांचा अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला नव्हता. तो ठेवला गेला १९९९ मध्ये. महॉन १९८६ मध्येच वारले होते. २००९ मध्ये एअर न्यूझीलंडच्या प्रमुखांनी, अपघातानंतर कुटुंबांना ज्या प्रकारे वागवलं गेलं त्याबद्दल माफी मागितली. २८ नोव्हेंबर २०१९ ला, चाळीस वर्षांनी, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली आणि वैमानिक जबाबदार नव्हते असं पुन्हा एकदा सांगितलं. चिपेंडेल यांचा अहवाल मात्र कधी मागे घेतला गेला नाही. अपघाताचा अधिकृत तांत्रिक अहवाल म्हणून तोच नोंदलेला आहे, कारणाच्या ओळीत कॅप्टनच्या निर्णयासकट. निवृत्त वैमानिकांमध्ये १६,००० फुटांवरून अजून वाद होतात, आणि दोन्ही बाजूंना हवाला द्यायला एकेक सरकारी अहवाल आहे.